मादाम क्लिको : एका पेढीची धनीण

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र असावे, हा प्रघात आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई यांची चरित्रे आपणां सर्वांना तोंडपाठ आहेत. यंदा मात्र जरा दूरदेशच्या, फ्रान्समधील एका बाईंची ओळख करून देण्याचे योजिले आहे. त्यांचे नाव मादाम क्लिको. त्यांचा धंदा ऐकून काही भगिनींच्या कपाळाला आठी पडेल, म्हणून तो आधीच सांगून टाकणे बरे. त्या शाँपेन, म्हणजे फेसाळणारे द्राक्षमद्य, तयार करून देशोदेशी विकीत असत. दारूपायी संसाराची धूळधाण कशी होते, हे आपल्या पेठेतील बायकांना कोणी शिकवायला नको. या लेखात मद्याची भलामण नाही. सत्तावीस वर्षांची एक विधवा, कडेला सहा वर्षांची पोर, युरोपभर लढाया पेटलेल्या आणि धंदा बुडीत. अशा वेळी तिने पेढीच्या चोपड्या स्वतःच्या हाती घेतल्या आणि त्या पुढे छत्तीस वर्षे खाली ठेवल्या नाहीत, ही हकीकत सांगायची आहे. आजही त्या मद्याच्या बाटलीवर त्यांचे नाव छापलेले असते आणि नावाआधी व्हव हा शब्द असतो. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ विधवा. जो शब्द आपल्याकडे दाराआड उच्चारला जाई, तो या बाईंनी दुकानाच्या पाटीवर लिहिला.

बाईंचे माहेरचे नाव बार्ब निकोल पाँसार्दां. त्यांचा जन्म १६ डिसेंबर १७७७ रोजी रीम्स या शहरी झाला. त्या सुमारास इकडे पुण्याच्या दौलतीचे धनी सवाई माधवराव अवघे तीन वर्षांचे होते आणि कारभार नाना फडणीस पाहत होते. रीम्स हे फ्रान्सच्या ईशान्य भागातील जुने शहर. तेथील प्रार्थनामंदिरात फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक होत. शहराची खरी उपजीविका लोकरीच्या कापडावर चाले. बार्ब निकोलचे वडील कापडाचे मोठे कारखानदार होते. घरात नोकरचाकर, सुबत्ता, मानमरातब, कशाचीच वाण नव्हती.

मुलगी अकरा वर्षांची असताना, १७८९ साली, फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. श्रीमंतांची घरे लुटली जाऊ लागली. शाळेत असलेल्या बार्ब निकोलला घरच्या शिंपिणीने शेतकऱ्याच्या पोरीचे कपडे घालून गर्दीतून सुखरूप बाहेर काढले, अशी कथा त्या कुटुंबात सांगतात. वडील मोठे धोरणी. त्यांनी वाऱ्याची दिशा ओळखली आणि क्रांतिकारकांच्या पक्षात जाऊन घर व कारखाना वाचवला. पुढे नेपोलियनचा अंमल आला तेव्हा हेच गृहस्थ रीम्सचे नगराध्यक्ष झाले आणि त्यांना सरदारकीही मिळाली. काळ बदलला की आपलेही पाऊल बदलायचे, हा धडा मुलीला बापाच्या घरातच मिळाला असावा.

१७९८ च्या जून महिन्यात तिचे लग्न फ्रान्स्वा क्लिको या तरुणाशी झाले. धर्मविधींवर अजून क्रांतीचे सावट होते, म्हणून हे लग्न तळघरात लावले गेले असे सांगतात. दुसऱ्या वर्षी क्लेमांतीन ही मुलगी झाली. सासरचा धंदाही कापडाचाच. जोडीला सावकारी आणि थोडाफार मद्याचा व्यापार. ही पेढी सासऱ्यांनी १७७२ साली काढली होती. फ्रान्स्वाला मात्र कापडापेक्षा द्राक्षांचे वेड. नवराबायको दोघे मिळून मळ्यांत हिंडत, द्राक्षे पाहत, चवी घेत. त्या काळच्या श्रीमंत घरच्या सुनेला हे न शोभणारे होते. पण पुढे जे उपयोगी पडले ते याच हिंडण्यात शिकलेले.

लग्नाला सात वर्षे झाली न झाली तोच, ऑक्टोबर १८०५ मध्ये, फ्रान्स्वा तापाने अचानक गेला. एकुलत्या एका मुलाच्या जाण्याने सासरे पार खचले. त्यांनी पेढी बंद करून देणीघेणी मिटवण्याचे ठरवले. अशा वेळी सत्तावीस वर्षांची सून त्यांच्यापुढे उभी राहिली आणि मद्याचा धंदा आपण चालवू इच्छितो असे तिने सांगितले.

या ठिकाणी थोडे थांबून तेव्हाचा कायदा समजून घ्यायला हवा. नेपोलियनने १८०४ साली जो दिवाणी कायदा केला त्यात लग्न झालेली स्त्री सर्वस्वी नवऱ्याच्या अधिकाराखाली होती. नवऱ्याच्या परवानगीवाचून तिला करार करता येत नसे, मालमत्तेची उलाढाल करता येत नसे. अविवाहित मुलगी सज्ञान होईतोवर बापाच्या छायेत. विधवा मात्र कायद्याच्या दृष्टीने आपल्या मर्जीची धनीण. तिला करार करता येत, दुकान चालवता येई, कोर्टात उभे राहता येई. म्हणजे केवढा हा विपरीत न्याय! नवरा असेतोवर बाईची सही कागदावर चालत नव्हती. तो गेल्यावर ती चालू लागली. फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून स्वतःच्या नावे बँकेत खाते उघडण्याची आणि नोकरी धरण्याची मोकळीक मिळाली ती थेट १९६५ साली, हे वाचून पुष्कळ जणींना नवल वाटेल.

आपल्याकडे नेमके उलट होते. १८०५ साली आपल्या पेठेतील एखाद्या वाड्यात अशी सत्तावीस वर्षांची बाई विधवा झाली असती, तर उच्चवर्णीय घरात तिच्या वाट्याला केशवपन, लाल आलवण आणि माजघरातला कोपरा आला असता. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला पोटगीपलीकडे हक्क नव्हता. १९३७ च्या कायद्याने विधवेला मर्यादित हक्क मिळाला आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्री आपल्या मिळकतीची पूर्ण मालकीण झाली. क्लिकोबाईंना जे दार उघडे सापडले ते उघडायला आपल्याला दीडशे वर्षे लागली.

अर्थात दार उघडे असले तरी आत जाणे सोपे नव्हते. माहेर आणि सासर दोन्ही तालेवार होते, ही त्यांची जमेची बाजू. ती नाकारण्यात अर्थ नाही. सासऱ्यांनी भांडवल दिले, पण एक अट घातली. चार वर्षे एका अनुभवी मद्य व्यापाऱ्याबरोबर भागीदारीत काम शिकायचे. अलेक्झांद्र फुर्नो हे ते भागीदार. बाईंनी ही उमेदवारी निमूटपणे केली. वाडवडिलांच्या पैशावर गादीवर बसण्याऐवजी आधी काम शिकून घेतले, हे विशेष.

आता हा धंदा काय होता ते पाहू. साधे द्राक्षमद्य म्हणजे आंबवलेला द्राक्षरस. द्राक्षाच्या सालीवर आणि हवेत किण्वाचे सूक्ष्म जीव असतात. ते रसातली साखर खातात आणि त्यातून मद्यार्क व वायू निर्माण होतो. आपले इडलीचे पीठ रात्री भांड्याबाहेर उतू जाते, त्याचे कारण याच जातीचा वायू. पिंपात हा वायू उडून जातो. शाँपेन प्रांत मात्र थंड. तेथे द्राक्षे सप्टेंबरात पिकतात आणि लगेच हिवाळा येतो. थंडीने रस अर्धवट आंबून निपचित पडतो आणि वसंतात ऊब मिळताच पुन्हा फसफसू लागतो. पूर्वी हा मद्याचा दोष समजत. दोम पेरिन्यों नावाच्या ज्या धर्मगुरूंना या फेसाचे जनक म्हणून ओळखतात, त्यांचे बरेचसे कष्ट हा फेस टाळण्यातच गेले होते. पुढे लोकांना त्याचीच गोडी लागली. मग मद्य बाटलीत भरताना त्यात मुद्दाम थोडी साखर आणि किण्व घालून, बूच घट्ट बांधून, ती फसफस बाटलीतच कोंडून ठेवण्याची रीत पडली.

गोटी सोड्याची बाटली उघडताना होणारा आवाज आपल्या ओळखीचा आहे. शाँपेनच्या बाटलीत हवेच्या पाचसहा पट दाब असतो. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहूनही अधिक. त्या काळी बाटल्या तोंडाने फुंकून बनवीत. त्यांची काच कुठे जाड, कुठे पातळ. साखर किती घालायची याचे नेमके माप ठाऊक नव्हते. एक बाटली फुटली की तिच्या धक्क्याने शेजारच्या फुटत. तळघरात काम करणारे लोक तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालीत. वाईट वर्षी मालाचा मोठा हिस्सा असा फुटून जाई. यात पुन्हा वरचेवर पडणारे दव, गारा, पाऊस. असा हा धंदा म्हणजे एक प्रकारचा जुगारच होता. रीम्सच्या पोटात खडूच्या खडकाच्या जुन्या खाणी होत्या. त्या खोल तळघरांत बारा महिने सारखाच गारवा राही. बाटल्या तेथे रचून ठेवीत. हीच त्या गावाची खरी दौलत.

चार वर्षांची भागीदारी संपली तेव्हा हिशेबात फायदा फारसा नव्हता. नेपोलियनच्या लढायांमुळे समुद्रमार्ग बंद होते. परदेशी पाठवलेला माल बंदरांत अडकून उन्हाने नासला. फुर्नो बाजूला झाले. सासऱ्यांच्या मनात पुन्हा शंका आली असणार; परंतु बाई मागे सरल्या नाहीत. जुलै १८१० मध्ये त्यांनी पेढी स्वतःच्या नावाने सुरू केली : व्हव क्लिको पाँसार्दां. नवऱ्याचे नाव, बापाचे नाव आणि आपली अवस्था, तिन्ही गोष्टी एका ओळीत आल्या. कापडाचा पसारा त्यांनी आवरता घेतला आणि सगळे लक्ष द्राक्षांवर केंद्रित केले.

पेढीचा एक फिरता गुमास्ता होता, लुई बोन. हा मूळचा जर्मन, अंगाने ठेंगणा आणि बोलण्यात तरबेज. तो घोडागाडीने जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया असा हिंडे आणि कुठे कोणती चव चालते, कोण वेळेवर पैसे देतो, कोण बुडवतो, याची लांबलचक पत्रे बाईंना लिही. बाईंचा दिवस पहाटे सुरू होई आणि त्यातला बराच भाग पत्रे लिहिण्यात जाई. हजारो पत्रे त्यांच्या पेढीच्या दप्तरात जपून ठेवली आहेत. गिऱ्हाइकाचा देश हजार कोस दूर, पण त्याची आवड त्यांना तुळशीबागेतल्या दुकानदाराला नेहमीच्या गिऱ्हाइकाची ठाऊक असावी तशी ठाऊक. रशियातील लोकांना मद्य अतिशय गोड लागे. त्यांच्यासाठी साखर वेगळी, इंग्रजांसाठी वेगळी.

१८११ साली आकाशात एक मोठा धूमकेतू दिसला. तो कित्येक महिने नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. धूमकेतू म्हणजे अरिष्ट, असे तिकडेही मानीत. परंतु त्या वर्षी द्राक्षे अशी काही उतरली की त्यांचे मद्य धूमकेतूचे मद्य म्हणून प्रसिद्ध झाले. बाईंच्या तळघरात हा उत्तम माल मुरत होता आणि वर बाजार ठप्प होता. १८१२ साली नेपोलियनने रशियावर स्वारी केली, ती अंगाशी आली, आणि १८१४ च्या आरंभी उलट रशियन फौजाच रीम्समध्ये येऊन उतरल्या.

सैन्य गावात शिरले की तळघरे लुटली जाणार, हे उघड होते. बाईंनी निवडक मालाच्या तळघरांची तोंडे भिंती घालून बंद केली असे सांगतात. जो माल रशियन अधिकाऱ्यांनी प्यायला, त्याबद्दल त्यांनी फारशी हळहळ केली नाही. आज फुकट चव लागली तर उद्या हेच लोक आपल्या देशातून पैसे मोजून मागवतील, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो खरा ठरला.

एप्रिल १८१४ मध्ये नेपोलियन पदच्युत झाला. लढाई थांबली, परंतु रशियात फ्रेंच मद्यावरची बंदी अजून उठली नव्हती. ती आज ना उद्या उठणार, आणि उठल्या दिवशी ज्याचा माल बंदरात असेल तो बाजी मारणार, हे बाईंनी ओळखले. दुसऱ्या पेढ्या सरकारी हुकमाची वाट पाहत बसल्या होत्या. बाईंनी गुपचूप एक डच जहाज भाड्याने घेतले. त्याच्या नावाचा अर्थ सहा भाऊ. त्यावर १०,५५० बाटल्या चढवल्या, सोबत लुई बोनला दिले आणि जूनमध्ये जहाज हाकारले. समुद्राच्या उष्म्याने बाटल्या फुटल्या असत्या, किंवा माल जप्त झाला असता, तर पेढीचे दिवाळे निघण्यास वेळ लागला नसता. जुलैच्या आरंभी जहाज बाल्टिक समुद्रावरील क्यॉनिग्जबर्ग बंदरात सुखरूप पोचले. त्या बाटल्यांवर गिऱ्हाइकांच्या उड्या पडल्या. पाठोपाठ दुसरे जहाजही रवाना झाले. प्रतिस्पर्धी जागे होईतोवर रशियाच्या दरबारापासून श्रीमंतांच्या बैठकांपर्यंत या विधवेचे नाव पोचले होते. पुश्किनसारख्या महाकवीच्या काव्यातही ते आले.

येथवरची हकीकत धाडसाची झाली. परंतु बाईंचे नाव धंद्याच्या इतिहासात टिकले ते एका अगदी घरगुती वाटणाऱ्या युक्तीमुळे. बाटलीत दुसऱ्यांदा फसफस झाली की मेलेल्या किण्वाचा साका खाली बसतो. बाटली हलवली की मद्य गढूळ. तो काढण्यासाठी मद्य एका बाटलीतून दुसरीत ओतीत. त्यात निम्मा वायू उडून जाई, माल सांडे आणि वेळही फार जाई. मागणी वाढली तसा हा साका बाईंना डाचू लागला. बाटली न ओतता, वायू न घालवता साका तेवढा कसा काढावा?

सांगतात ते असे की बाईंनी स्वयंपाकघरातील एक मेज तळघरात नेववले आणि त्याला बाटलीची मान मावेल अशी तिरपी भोके पाडविली. त्यांत बाटल्या उलट्या, तोंड खाली करून ठेवल्या. तळघराचे प्रमुख आंत्वान म्युलर यांच्या साहाय्याने हे प्रयोग १८१६ च्या सुमारास चालले होते. रोज प्रत्येक बाटली हलकेच हिसडायची, अष्टमांश फेरा फिरवायची आणि किंचित अधिक उभी करायची. असे सुमारे सहा आठवडे केले की सगळा साका सरकत सरकत बुचावर येऊन बसतो. मग कुशल कामगार बूच काढतो; आतल्या दाबाने साका फटकन बाहेर उडतो आणि तो अंगठ्याने तोंड बंद करतो. जेवढे मद्य गेले तेवढी गोड मद्याची भर घालून नवे बूच ठोकायचे, की काम झाले. मद्य आरशासारखे निवळ आणि फेस जसाच्या तसा.

यात यंत्र नाही, मोठे शास्त्र नाही. पाण्यात तुरटी फिरवून गाळ खाली बसू देणाऱ्या बाईलाच सुचावी अशी ही गोष्ट. फरक एवढाच की गाळ तळाशी बसवण्याऐवजी तो तोंडाशी आणला. हाताखालच्या माणसांनी हे जमणार नाही म्हणून नाके मुरडली होती, अशी आठवण सांगतात. बाईंनी मात्र चिकाटी सोडली नाही. ही कृती कित्येक वर्षे तळघराबाहेर फुटली नाही. एपर्नेचे बडे व्यापारी मोए यांच्यासारखे प्रतिस्पर्धी या निवळ मद्याचे कोडे उलगडण्यासाठी जंग जंग पछाडत राहिले. तळघरातील कामगारांनी मालकिणीचे गुपित इतकी वर्षे राखले, यावरून त्यांचा त्यांच्याशी असलेला व्यवहार कसा असेल याचा अंदाज करता येतो. पुढे ही रीत सगळ्यांनी उचलली. आज हे काम बहुतेक ठिकाणी यंत्रे करतात. पण तत्त्व त्या मेजाचेच आहे.

या युक्तीचा परिणाम आकड्यांत दिसतो. १८१६ साली पेढीचा खप सुमारे ४३,००० बाटल्यांचा होता. १८२१ साली तो २,८०,००० वर गेला. १८१८ साली बाईंनी बुझी गावच्या मळ्यातील तांबडे मद्य पांढऱ्यात मिसळून गुलाबी शाँपेन तयार केली. तोवर असा रंग आणण्यासाठी एक प्रकारच्या बोराचा रस घालीत. नाव गाजले तसे खोट्या नावाने माल खपवणारेही निघाले. बाईंनी त्यांना कोर्टात खेचले. नाव हीच आपली खरी पुंजी, हे त्यांना पक्के कळले होते.

अशा शहाण्या बाईंच्याही हातून चूक झाली, ती सांगितली नाही तर चरित्र अपुरे राहील. भरभराटीच्या काळात, १८२२ साली, त्यांनी सावकारी पेढी काढली. कापडाच्या गिरण्यांतही पैसा गुंतवला. क्रिस्टियान केसलर नावाच्या हुशार भागीदारावर त्यांची भिस्त होती. हे केसलर पुढे जर्मनीत गेले आणि १८२६ साली त्यांनी तेथे फेसाळ मद्याचा पहिला कारखाना काढला. १८२८ साली पॅरिसमधील एक मोठी पेढी बुडाली. तिच्यात क्लिकोबाईंची रक्कम अडकली होती. ठेवीदार दाराशी आले. त्या वेळी एदुआर वेर्ले हा त्यांचा तरुण कारभारी तातडीने पॅरिसला गेला आणि स्वतःची मिळकत गहाण टाकून त्याने पैसा उभा केला. देणी भागली, अब्रू वाचली. बाईंनी यातून बोध घेतला. सावकारी बंद केली आणि १८३१ साली वेर्लेला भागीदार करून घेतले. कालपर्यंत तळघरात उमेदवारी करणाऱ्या माणसाला त्यांनी आपल्या बरोबरीने बसवले.

आता घराकडे वळू. बाईंनी दुसरे लग्न केले नाही. त्यामागे नवऱ्याची आठवण असेल, किंवा लग्न करताच सहीचा हक्क जाईल हा विचारही असेल. मुलगी क्लेमांतीन हिला त्यांनी धंद्यात आणले नाही. १८१७ साली तिचे लग्न एका सरदार घराण्यातील तरुणाशी, काउंट द शेव्हिन्ये याच्याशी झाले. जावई देखणा, गप्पिष्ट, कविता करणारा आणि उधळा. त्याच्या जुगाराच्या देण्यांनी सासूबाई वेळोवेळी हैराण झाल्या, पण पेढीच्या किल्ल्या त्यांनी त्याच्या हाती जाऊ दिल्या नाहीत. हे शहाणपणाचेच झाले. तरीही एक प्रश्न मनात राहतो. जी बाई स्वतः कायद्याची, समाजाची भिंत ओलांडून बाहेर आली, तिने आपल्या लेकीला चोपडी उघडून का दाखवली नाही? मुलीच्या वाट्याला सुखाचा संसार यावा, आपल्यासारखे कष्ट येऊ नयेत, असे आईला वाटले असेल. अनेक कर्त्या बायकांना तसे वाटते. परंतु त्यामुळे पेढी पुढे गेली ती वेर्लेकडे. क्लिको या नावाच्या मागे दुसरी क्लिकोबाई उभी राहिली नाही.

१८४१ साली बाईंनी कारभारातून अंग काढून घेतले. बुर्सो या गावी टेकडीवर त्यांनी मोठा प्रासाद बांधविला आणि नात, पुढे पणती, यांच्या सहवासात त्या राहू लागल्या. पेढीवरची नजर मात्र सुटली नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली आपल्या याच बुधवार पेठेत, भिडेवाड्यात, मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा क्लिकोबाई सत्तर वर्षांच्या होत्या. दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. एकीच्या हाती पैसा होता, दुसरीच्या हाती पाटी. एकीने स्वतःपुरते दार उघडले. दुसरीने ते मागून येणाऱ्या सगळ्याजणींसाठी उघडे ठेवले. दोघींचे मोठेपण आपापल्या परीने खरेच. पण हा फरक आपण विसरू नये.

२९ जुलै १८६६ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, बुर्सो येथे त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागे शाँपेनच्या प्रांतात विधवांनी पेढ्या चालवण्याची जणू परंपराच पडली. लुईझ पोमेरी या बाई १८५८ साली विधवा झाल्या आणि त्यांनीही नवऱ्याची पेढी हाती घेतली. अतिगोड मद्याचा जमाना सरत आहे हे ओळखून त्यांनी १८७४ साली कमी गोडीचे मद्य बाजारात आणले. आज जगभर तीच चव चालते.

क्लिकोबाईंच्या काळची गोडी किती होती याचा पुरावा अलीकडेच समुद्रातून वर आला. २०१० साली बाल्टिक समुद्राच्या तळाशी, फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ, बुडालेल्या जहाजात शाँपेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. सुमारे १७० वर्षांपूर्वीच्या. त्यांतील काहींच्या बुचांवर क्लिको पेढीची खूण होती. तपासणीत एका लिटरमागे सुमारे १५० ग्रॅम साखर निघाली. आजच्या नेहमीच्या शाँपेनमध्ये ती १२ ग्रॅमांहून कमी असते.

हे सारे परक्या देशातले झाले. पण आपल्या जिल्ह्याचाही या धंद्याशी संबंध आलेला आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच जाणकारांच्या साहाय्याने असेच फेसाळ मद्य तयार केले. ते ओमर खय्याम या नावाने परदेशी जाऊ लागले. शाँपेन हे नाव त्याच प्रांतातील मालापुरते राखलेले असल्याने इतर मुलखांना ते लावता येत नाही. आपल्याकडे कडाक्याचा हिवाळा नसल्यामुळे वेल झोपी जात नाही. म्हणून द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या सुमारास, करावी लागते आणि पीक उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येते. नारायणगावची ती कंपनी फार झपाट्याने पसरली आणि पुढे कर्जाच्या ओझ्याखाली बंद पडली. १८२८ साली क्लिकोबाईंवर आलेला प्रसंग येथे आठवल्यावाचून राहत नाही. आज नाशिककडे, दिंडोरी परिसरात, असे कारखाने आहेत. त्यांच्यासाठी द्राक्षे पिकवणाऱ्या मळ्यांत विरळणी-खुडणीची कामे पुष्कळशी बायकाच करतात. सातबाऱ्यावर त्यांतील किती जणींचे नाव आहे, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरापुरता विचारून पाहावा.

भगिनींनो, क्लिकोबाईंच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? त्यांचे मद्य नको, त्यांचा प्रासादही नको. त्यांची चोपडी मात्र अवश्य घ्यावी. मंडळाची भाजणी, मसाले, लोणची विकताना आलेला रुपया आणि गेलेला रुपया स्वतःच्या हाताने लिहिण्याची सवय, गिऱ्हाइकाची आवड ध्यानात ठेवण्याची सवय, आणि कागदावर काय लिहिले आहे ते वाचल्यावाचून सही न करण्याची सवय, एवढे घेतले तरी पुष्कळ झाले. आणि त्यांनी जे केले नाही तेही आपण करावे. हिशेबाच्या वहीशेजारी आपल्या लेकीला, सुनेला, शेजारच्या तरुण मुलीला बसवावे. बँकेच्या पुस्तकावर आपले नाव आहे की नाही, घराच्या कागदावर आहे की नाही, हे तिच्यादेखत पाहावे. त्यासाठी कपाळीचे कुंकू पुसले जाण्याची वाट पाहावी लागू नये. आज कायदा आपल्या बाजूने आहे. आता सवय तेवढी आपल्या बाजूने करून घ्यायची आहे.